पोटॅशचं पोतं, कोयनेचं पाणी आणि अणुभट्टीची राख

वाळवा किंवा कराड तालुक्यातल्या ऊसबागायतदाराच्या शेडमध्ये म्युरेट ऑफ पोटॅशचं पोतं हमखास सापडतं. ५० किलोच्या त्या पोत्यात साधारण २५ किलो पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर १० हजार अणूंत एखादा अणू पोटॅशियम-४० या अस्थिर जातीचा असतो. तो कधी ना कधी मोडतो आणि मोडताना किरण बाहेर टाकतो. हिशेब मांडला तर त्या एका पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक अणू मोडत असतात. हेच पोटॅशियम उसातून, द्राक्षातून, बेदाण्यातून आपल्या पोटात जातं. १०० ग्रॅम बेदाण्यात सेकंदाला वीस-बावीस अणू मोडतात आणि मोठ्या माणसाच्या अंगात चार हजारांच्या वर.

यातला एकही आकडा घाबरण्यासारखा नाही. तो तसा का नाही, एवढं नीट कळलं तरी अणुवीज, अणुकचरा आणि एक्स-रे यांच्याबद्दलचा निम्मा गोंधळ मिटतो. त्यासाठी प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचारायच्या: पदार्थ कुठला, किती, आणि तो आपल्यापर्यंत पोचतो कसा.

मोजायचं काय

सेकंदाला एक अणू मोडला की त्याला एक बेकरेल म्हणतात. म्हणजे पोटॅशचं पोतं साडेसात लाख बेकरेलचं. बेकरेल फक्त अणू मोडण्याची गती सांगतो. त्यातून सुटलेली किती ऊर्जा शरीरात जिरली, हे ग्रे या एककात मोजतात, आणि त्या ऊर्जेनं पेशींचं किती नुकसान होऊ शकतं हे सीव्हर्टमध्ये. रोजच्या व्यवहारात सीव्हर्ट फार मोठं माप ठरतं, म्हणून त्याचा हजारावा भाग, मिलिसीव्हर्ट, वापरतात. बातमीत नुसता बेकरेलचा आकडा आला, तर त्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. उसाच्या ट्रॉलीचं वजन सांगितलं म्हणून साखरेचा उतारा कळत नाही, तसंच हे.

दुसरा गोंधळ त्याहून मोठा आहे. किरण अंगावर पडणं आणि किरणोत्सर्गी पदार्थ अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुऱ्हाळावर चुलवाणाजवळ उभं राहिलं की धग लागते, चार पावलं मागं सरलं की ती कमी होते आणि घरी गेल्यावर धग आपल्यासोबत येत नाही. पण उकळती काकवी हातावर उडाली तर ती चिकटून बसते आणि धुऊन काढेपर्यंत भाजत राहते. एक्स-रे ही धग आहे. यंत्र बंद झालं की संपलं, रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. अपघातात उडालेली सीझियमची धूळ ही काकवी आहे. ती कपड्यावर, केसांत, चाऱ्यावर बसते आणि श्वासातून किंवा अन्नातून आत गेली तर आतूनच मारा करते.

हळदीचं उदाहरण इथं उपयोगी पडेल. मसाल्यांतले जंतू आणि कीड मारण्यासाठी हळदीवर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडण्याची पद्धत आहे. आपल्याकडच्या नियमांत मसाल्यांसाठी ही मात्रा ६ ते १४ किलोग्रे आहे. माणसाला ४-५ ग्रे जीवघेणे ठरू शकतात, तेव्हा हा आकडा प्रचंड वाटतो. पण हळदीला कोबाल्टचा स्पर्श होत नाही. कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो आणि हळदीच्या पेट्या त्याच्यासमोरून फिरतात. शिवाय कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा हळदीतल्या अणूंची केंद्रकं बदलण्याइतकी नसते. त्यामुळं अशी हळद किरणोत्सर्गी होत नाही.

किरणांच्या मुख्य जाती तीन. अल्फा कण कागदानंही अडतात, कातडीचा वरचा मृत थर त्यांना पुरतो. मात्र तो पदार्थ फुप्फुसात गेला तर तितक्याच ऊर्जेला ते वीसपट नुकसान करतात. बीटा कण काही मिलिमीटर ॲल्युमिनियमनं थांबतात. गॅमा किरणांना मात्र शिसं, जाड काँक्रीट किंवा काही मीटर पाणी लागतं. बिंदूएवढा स्रोत असेल तर अंतर दुप्पट केल्यावर मारा चौथाईवर येतो आणि दहापट केल्यावर शंभराव्या भागावर. शेवटच्या भागात ही गोष्ट कामाला येईल.

आता आपल्या वाट्याला किती येतं? जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. त्यातले सुमारे ०.१७ आपल्याच अंगातल्या पोटॅशियमचे. साताऱ्या-सांगलीखालचा काळा कातळ बेसाल्टचा आहे. ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी असतं, त्यामुळं जमिनीतून येणारा आपला वाटा मुळातच कमी. आकाशातून येणारा वाटा उंचीप्रमाणं वाढतो आणि महाबळेश्वरला तो समुद्रकाठाच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट होतो. याउलट केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम असलेलं मोनाझाइट आहे. तिथल्या काही घरांत वर्षाला १० मिलिसीव्हर्टच्या वर मात्रा मिळते, आणि तिथल्या रहिवाशांच्या दीर्घ पाहणीत कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही.

मिरजेला दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी: छातीचा एक एक्स-रे ०.१ मिलिसीव्हर्टच्या आत, डोक्याचा सीटी स्कॅन २ च्या आसपास, पोटाचा ८ ते १०. जगभर वापरला जाणारा ढोबळ अंदाज असा की १००० मिलिसीव्हर्टला कॅन्सरनं मृत्यूचा धोका शेकडा ५ नं वाढतो. त्या प्रमाणात पोटाच्या एका सीटीमागं दोन हजारांत एक. १०० मिलिसीव्हर्टच्या खाली हा परिणाम लोकसंख्येत स्पष्टपणे मोजता आलेला नाही, पण तो शून्यच आहे असं धरून चालत नाहीत. डॉक्टरांनी कारण सांगून सीटी करायला लावला तर तो जरूर करावा. तोच स्कॅन आठवड्यापूर्वी दुसरीकडं झाला असेल तर फिल्म आणि सीडी सोबत न्यावी, आणि बाई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर टेबलावर झोपण्याआधी सांगावं.

थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेला रुग्ण मात्र खरोखर काही दिवस किरण सोडत असतो. त्यानं भरपूर पाणी प्यावं, शौचालय दोनदा फ्लश करावं, ताट-वाटी-टॉवेल वेगळे ठेवावेत, आणि दवाखान्यानं सांगितलेले दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नये. वाईट वाटतं, पण नातवासाठी तेवढं अंतर ठेवावं.

एक जुडी आणि टीएमसी

भारतातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड जातीचा असतो) आहेत. आपल्याला जवळचं कर्नाटकातलं कैगा, तिथं २२० मेगावॉटच्या चार. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासूनच्या दोन जुन्या साध्या पाण्याच्या आणि नंतरच्या ५४० मेगावॉटच्या दोन जड पाण्याच्या. खाणीतल्या युरेनियमच्या हजार अणूंत फक्त सात अणू युरेनियम-२३५ चे असतात, आणि सहज फुटतात ते हेच. साध्या पाण्यात हे अणू फोडणारे न्यूट्रॉन कण जास्त शोषले जातात. जड पाणी ते कमी खातं आणि त्यांचा वेग उतरवतं, म्हणून युरेनियम समृद्ध न करताही, म्हणजे त्यातलं युरेनियम-२३५ चं प्रमाण न वाढवताही, भट्टी चालते.

२२० मेगावॉटच्या भट्टीतली इंधनाची जुडी साधारण अर्धा मीटर लांब असते. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या १९ नळ्या एकत्र बांधलेल्या आणि त्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या, एकूण १५ किलोच्या आसपास. भट्टीत ३०६ आडव्या नळ्या आणि प्रत्येक नळीत अशा १२ जुड्या, म्हणजे ३,६७२. भट्टी चालू ठेवूनच यंत्रानं एका टोकाकडून नवी जुडी सारतात आणि दुसऱ्या टोकाकडून जुनी काढतात. पूर्ण क्षमतेवर रोज सरासरी आठेक.

एक जुडी बाहेर पडेपर्यंत सुमारे ६ लाख युनिट वीज देऊन गेलेली असते. महिन्याला १०० युनिट लागणारी ५०० घरं वर्षभर चालतील एवढी. तेवढ्यासाठी भारतीय कोळसा सव्वाचारशे टन जाळावा लागतो आणि दीडशे टनांच्या आसपास राख उरते.

आपल्याकडं विजेचा हिशेब टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) लवकर समजतो. कोयनेचं पाणी पश्चिमेला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. तेवढ्या उतारावर एका युनिटला साधारण ८५०-९०० लिटर पाणी लागतं, म्हणजे एका टीएमसीला सव्वातीन कोटी युनिट आणि जुड्यांत बोलायचं तर पन्नास-पंचावन्न. कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडं सोडायला दिलेलं ६७.५ टीएमसी पाणी त्या उतारावर जेवढी वीज देतं, तेवढी कैग्याच्या एका भट्टीत एका वेळी बसणाऱ्या जुड्या देतात. कोयना आणि अणुभट्टीची कामं मात्र वेगळी. कोयनेची जनित्रं काही मिनिटांत चालू-बंद होतात, संध्याकाळची वाढीव मागणी तीच भागवतात. अणुभट्टी एका ठरावीक गतीनं रात्रंदिवस चालवायची असते.

आता त्या जुडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १३ किलोहून जास्त युरेनियमपैकी प्रत्यक्ष फुटतं ते १०० ग्रॅमच्या आत. त्याचेच तुकडे म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन आणि इतर काही डझन मूलद्रव्यं. याशिवाय ५० ग्रॅमच्या आसपास प्लुटोनियम तयार होतं. ही झाली ५०० घरांच्या वर्षभराच्या विजेची राख. वजनानं मूठभर. पण नुकत्याच बाहेर काढलेल्या उघड्या जुडीजवळ माणूस काही मिनिटं उभा राहिला तर तो वाचणार नाही.

भट्टी बंद केली तरी

गुऱ्हाळात चिपाड टाकायचं थांबवलं म्हणून कढई लगेच थंड होत नाही. ढवळणं सोडलं तर बुडाला लागतं. अणुभट्टीचंही तसंच, फक्त कारण वेगळं आहे. नियंत्रक दांडे पडले की विखंडन, म्हणजे अणू फुटणं, काही सेकंदांत थांबतं, पण तोवर साठलेले तुकडे मोडतच राहतात आणि उष्णता देतात. ती बंद करायला कुठलंच बटण नाही. बंद केल्याक्षणी पूर्ण उष्णतेच्या ६ ते ७ टक्के, तासाभरानं दीडेक टक्का, दिवसानं अर्धा टक्का. २२० मेगावॉटच्या भट्टीत दिवसानंतरही हे ४ मेगावॉटच्या आसपास भरतं. एवढी उष्णता नुसतं पाणी उकळून काढायची म्हटली तर रोज १० हजार लिटरचे बारा-तेरा टँकर लागतील. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात टँकर वेळेवर न येणं म्हणजे काय ते सांगायला नको. इथं तो चुकला तर इंधन वितळतं.

फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी हेच झालं. भूकंपात चालू भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली, आणि पाऊण तासानं आलेल्या त्सुनामीनं तळघरातली जनित्रं आणि स्विचबोर्ड बुडवले. पंप थांबले. पाणी आटलं, तापलेल्या झिर्कोनियमनं वाफेतून हायड्रोजन सोडला आणि इमारती फुटल्या. भारतातही यासारखी वेळ आली होती. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि १७ तास केंद्रात वीजच नव्हती. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेलवर चालणारे पंप जोडून वाफजनित्रांत पाणी सोडलं. गाभ्यातलं पाणी तापून वर जाणं आणि थंड होऊन खाली येणं एवढ्यावर आपोआप फिरत राहिलं. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही.

म्हणून कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण असलेल्या आपल्या भागात अणुप्रकल्पाबद्दल प्रश्न विचारायचा तर 'भूकंपात भिंत पडेल का' एवढ्यावर थांबू नये. बाहेरची वीज गेल्यावर जनित्रं कुठं आणि किती उंचीवर आहेत, तीही गेली तर पाणी किती दिवस नुसत्या उतारानं मिळेल, आणि ते करण्याचा सराव वर्षातून किती वेळा होतो, हे विचारावं. सह्याद्रीपलीकडं जैतापूरला सहा भट्ट्यांचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. तिथल्या प्रत्येक जनसुनावणीत हे प्रश्न आकड्यांत उत्तर मिळेपर्यंत विचारले जावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

दूध

साताऱ्या-सांगलीला अपघाताची झळ पोचायची झालीच तर ती बहुधा दुधातून पोचेल, म्हणून हे सविस्तर.

आपत्कालीन आराखडा केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरसाठी असतो. पण आयोडीन-१३१ वाऱ्यासोबत त्यापलीकडं जाऊ शकतं, आणि पावसाळ्यात कोकणातून घाटाकडं येणारा वारा व पाऊस त्याला खाली उतरवू शकतो. ते गवतावर बसतं. गाय-म्हैस दिवसभरात कितीतरी चौरस मीटर गवत चरते आणि ते सगळं आयोडीन एका चरवीत आणून ठेवते. मूल दूध पितं, त्याची थायरॉइड ग्रंथी छोटी आणि आयोडीनला भुकेली, त्यामुळं एवढ्याशा ग्रंथीत मोठी मात्रा साठते. २६ एप्रिल १९८६ च्या चर्नोबिल अपघातानंतर असंच झालं. त्या वेळी लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यात मोठा वाटा वेळेवर न थांबवलेल्या दुधाचा मानला जातो. हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो, पण ही दुखणी टाळता आली असती याची हळहळ राहतेच.

टाळायचं कसं? जनावरं बाहेर सोडायची नाहीत. झाकलेल्या गंजीतला कडबा किंवा मुरघास घालायचा, गंजीचा वरचा थर बाजूला काढायचा, पाणी बोअरचं किंवा झाकलेल्या टाकीतलं द्यायचं. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ८० दिवसांत हजाराव्या भागावर येतं. त्यामुळं फक्त आयोडीन असलेलं दूध ओतून न देता त्याची पावडर करून तीन महिने ठेवली तरी ते निवळतं. सीझियम-१३७ सोबत असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण त्याला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. दूध संघाच्या प्रयोगशाळेनं दोन्ही वेगवेगळं मोजून घेणं म्हणूनच गरजेचं.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉइडला साध्या आयोडीननं आधीच भरून टाकते. मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत ३२, नवजात बाळाला १६. आयोडीन पोचण्याआधीच्या २४ तासांत किंवा पोचल्यावर दोन तासांच्या आत घेतली तर सर्वांत उपयोगी, आठ तासांनंतर फायदा झपाट्यानं घटतो. प्रशासनानं सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. सीझियमवर तिचा काहीही उपयोग नाही. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन हे काम होत नाही, आणि जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पोटात घेणं धोक्याचं आहे.

राखेचं काय करतात

बाहेर काढलेली जुडी आधी पाण्याच्या तलावात बुडवून ठेवतात. वरचं काही मीटर पाणी एकाच वेळी उष्णताही काढतं आणि गॅमाही अडवतं. काही वर्षांनी ती पुनर्प्रक्रियेला जाते. तिथं जाड भिंतीमागं यंत्रानं तिचे छोटे तुकडे करून गरम नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि ट्रायब्युटाइल फॉस्फेट मिसळलेल्या तेलकट द्रावणानं युरेनियम व प्लुटोनियम वेगळं ओढून घेतात. ही दोन्ही पुन्हा इंधनात वापरता येतात. मागं उरतं ते ॲसिडात विरघळलेले विखंडनाचे तुकडे, म्हणजे खरा उच्च पातळीचा कचरा.

या द्रव अवस्थेतच तो सगळ्यात धोक्याचा असतो. पोलादी टाक्यांत ठेवून तो सतत थंड करावा लागतो. २९ सप्टेंबर १९५७ ला सोव्हिएत रशियातल्या मायाक इथं अशाच एका टाकीची शीतकरण यंत्रणा बंद पडली, द्रव आटला, उरलेले क्षार तापून स्फोट झाला आणि मोठा प्रदेश दूषित झाला. कचरा टाकीत किती वर्षं पडून आहे, हा म्हणूनच कुठल्याही अणुकेंद्राला विचारण्याजोगा प्रश्न.

त्यावरचा उपाय काच. ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पक्कम इथं हा द्रव आटवून काचेच्या घटकांसोबत हजार अंश सेल्सियसच्या आसपास वितळवतात आणि बोरोसिलिकेट काच पोलादी डब्यांत ओततात. डबा वेल्डिंग करून बंद करतात. काचेत कचरा गुंडाळलेला नसतो. सीझियमचा अणू काचेच्या जाळीतच जागा घेऊन बसतो, त्यामुळं डबा गंजला, पाणी लागलं तरी तो अगदी हळू सुटतो. असे डबे तारापूरला काँक्रीटच्या कोठारात ठेवलेत. तापलेली हवा चिमणीतून वर जाते आणि खालून थंड हवा आत येते. पंखा नाही, पंप नाही, म्हणून वीज गेली तरी अडत नाही. काही कचऱ्यातून सीझियम काढून त्याच्या काचेच्या कांड्या करतात आणि रक्तपेढ्यांत रक्तावर किरण सोडायला वापरतात.

हातमोजे, गाळण्या, पंपाचे भाग असा हलका कचरा सिमेंटमध्ये कोंडून केंद्राच्याच आवारात काँक्रीटच्या खंदकांत पुरतात. दवाखान्यातला आयोडीनचा कचरा त्याहून सोपा: रुग्णाच्या शौचालयाचं पाणी वेगळ्या टाकीत अडवून आयोडीन मोडेपर्यंत धरून ठेवायचं, मगच सोडायचं.

काळाचा अंदाज साताऱ्याच्या इतिहासावरून बांधता येतो. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्या दिवशी अजिंक्यताऱ्याखाली सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचा एक डबा पुरला असता तर आज त्याची तीव्रता हजारावा भागसुद्धा उरली नसती. शेजारी प्लुटोनियम-२३९ पुरलं असतं तर त्यात शेकडा एकानंही घट झाली नसती, कारण त्याचं अर्धायुष्य २४ हजार वर्षांचं आहे. म्हणून प्लुटोनियम काढून घेतलेली राख आणि न काढलेली जुडी यांत फरक पडतो. पुनर्प्रक्रियेलाही किंमत आहे: तीत मध्यम पातळीचा कचरा वाढतो आणि वेगळं काढलेलं प्लुटोनियम कायम पहाऱ्यात ठेवावं लागतं. तरीही काचेपर्यंत नेलेला कचरा टाकीतल्या द्रवापेक्षा किंवा वर्षानुवर्षं तलावात साठलेल्या जुड्यांपेक्षा आम्हाला जास्त पटतो.

शेवटचा मुक्काम जमिनीखाली खोल. फिनलंडनं चारशे मीटरहून खोल कातळात बोगदे खणले आहेत. तिथं जुड्या तांब्याच्या डब्यांत आणि भोवती बेंटोनाइट माती, जी पाणी लागलं की फुगून फटी बुजवते. भारतात अशी जागा अजून नाही. हे खोलीचं गणित किती टिकतं याचा एक पुरावा निसर्गानं ठेवला आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथं सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात पाणी शिरून आपोआप अणुभट्टी चालली होती. तिथं तयार झालेलं प्लुटोनियम आणि बरेचसे धातू मोडून संपेपर्यंत जागेवरून फारसे हललेच नाहीत.

भंगारात आलं तर

अणुकेंद्र दोन-तीनशे किलोमीटर दूर असलं तरी किरणोत्सर्गी स्रोत साताऱ्या-सांगलीत येतात-जातात. कास्टिंगमधल्या पोकळ्या आणि बॉयलरच्या पाइपांचं वेल्डिंग तपासायला इरिडियम-१९२ वापरतात. करंगळीच्या टोकाएवढा तो तुकडा जड डब्यात असतो आणि केबलनं बाहेर सरकवतात. केबल नीट जोडली नाही तर तुकडा बाहेरच सुटून पडतो. काम झाल्यावर मीटर न धरता सामान आवरलं तर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. जुन्या उपचारयंत्रांत कोबाल्ट-६० असतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत लिलावात निघालेलं कोबाल्टचंच एक जुनं प्रयोगशाळेतलं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं. एकाचा जीव गेला, इतर अनेकजण होरपळले. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सीझियमची अंधारात निळी चमकणारी भुकटी लोकांनी घरी नेली, अंगाला लावली. चौघं दगावले, २४९ जण दूषित झाले.

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत भंगार उतरवताना आकाराच्या मानानं फारच जड असलेला शिशाचा किंवा पोलादाचा ठोकळा, पिवळ्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह, भोक किंवा झडप असलेला गोल डबा, असं काही दिसलं तर तो गॅसकटरखाली घेऊ नका, भट्टीत तर अजिबात नाही. वितळला की पूर्ण बॅच, भट्टी, चिमणीची धूळ सगळं दूषित होतं. हात न लावता सगळ्यांना निदान ३० मीटर मागं न्या, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, तिथं खाणं-पिणं-बिडी बंद करा आणि ११२ ला फोन करून 'किरणोत्सर्गी वस्तूची शंका' हेच शब्द वापरा. ज्यांनी ती वस्तू हाताळली त्यांना घरी पाठवू नका. बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधा, एवढ्यानंच बरीचशी धूळ निघून जाते. हात साबण-पाण्यानं धुवा, कातडी घासून सोलू नका.

फसगत होते ती पुढच्या दिवसांत. तुकडा खिशात ठेवला असेल तरी त्या वेळी दुखत नाही. मळमळ एक-दोन दिवसांत थांबते, माणूस कामाला जातो. आठवड्या-दोन आठवड्यांनी मांडीवर किंवा बोटांवर लाली येते, फोड येतात, आणि किडा चावला किंवा केमिकल लागलं असं समजून मलम दिलं जातं. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगायचं: धातूची कुठली वस्तू, किती वाजता, किती वेळ, कुठल्या हातात किंवा खिशात होती. लगेच रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्यायची आणि पुढचे ४८ तास दर सहा ते बारा तासांनी पुन्हा. पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट किती वेगानं उतरतात त्यावरून शरीरानं किती मात्रा घेतली ते कळतं. मळमळ थांबल्यावर आठवड्यानं काढलेल्या एका रक्तातून ते तितकं नीट कळत नाही.